दुसरी साखर

दुपारी डोळा लागला की दुर्पताची माय यायची.

यायची म्हणजे कुठून चालत यायची असं नाही. दुर्पता झोपेत शिरायची तेव्हा ती आधीच तिथं बसलेली असायची, मांडी घालून, पदर डोक्यावरून नीट घेऊन. पुढ्यात पळसाच्या पानांची पत्रावळ मांडलेली. पत्रावळीवर काही नाही. माय त्या कोऱ्या पानांकडे बघायची, मग लेकीकडे बघायची आणि कसलीही तक्रार नसलेल्या आवाजात म्हणायची, "भूक लागली व बाई."

एवढं बोलून होतं न होतं तोच दुर्पताला जाग यायची. तोंड कोरडं पडलेलं असायचं. मायला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

खरं सांगायचं तर जिवंतपणी या मायनं, शामकलाबाईनं, भूक लागल्याचं कधी बोलून दाखवलं नव्हतं. ती सगळ्यांच्या मागून जेवायची. आधी पुरुष, मग पोरं, मग आलेगेले, मग दाराशी आलेलं कुत्रं, आणि त्यानंतर हंडीच्या बुडाला जे काही खरवडून निघेल ते शामकलाबाईचं. आपल्याकडे बायकांनी हे इतकं बिनबोभाट चालवलं आहे की त्यांनाही भूक लागते, ही गोष्ट घरच्यांच्या ध्यानातच राहत नाही. दुर्पताच्याही राहिली नव्हती. म्हणूनच स्वप्नातल्या मायचं बोलणं तिला जास्त लागायचं.

ही झोप घरी नव्हे, कामावर लागायची, आणि त्यात दुर्पताचा फारसा दोष नव्हता. केशोरीच्या अलीकडे, इटियाडोहाच्या कालव्याला लागून, एक बंद पडलेली राइस मिल आहे. तिच्या पत्र्याच्या शेडात दोन वर्षांपासून तणसापासून गाडीचं इंधन करून बघायचं काम चाललं होतं. धान झोडून झालं की मागं उरतं ते तणस. थोडं जनावरं खातात, बाकीच्याला लोक काडी लावून मोकळे होतात. इथं ते कापायचं, आंबट पाण्यात शिजवायचं, चुन्यानं त्याचा आंबटपणा मारायचा आणि वर एक औषध घालायचं, की दोन-तीन दिवसांत त्याची तपकिरी पेज व्हायची. पेज गोड असायची. तणसात साखर असते हे दुर्पताला पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि जन्मभर आपण ती बैलापुढं टाकत आलो याची तिला जरा मौजच वाटली. मग ती पेज स्टीलच्या टाकीत जायची, तिच्यात यीस्ट सोडलं जायचं आणि टाकी दिवसभर आपल्याशीच बुडबुडत राहायची. ओलं तणस, गूळ आणि शिळा भात यांचा मिळून जो वास होईल तो शेडात भरलेला. बाहेर उन्हाळी धान वाऱ्यावर हलतंय, कालव्याचं पाणी सावकाश चाललंय, आत टाकी बुडबुडतेय. अशा ठिकाणी चौकीदार ठेवला असता तर तोही झोपला असता.

त्या टाकीमागं जीव टाकणारी एकच व्यक्ती तिथं होती, प्राची. तिरोड्याकडची, बोदलकशाच्या तलावाजवळच्या गावातली पोर. घरी पोवारी बोलायची, नागपूरला शिकली, पुण्यात नोकरी करता आली असती. ते सोडून इथं तणस शिजवत बसली होती. चष्मा नाकावर आणून काचेच्या नळ्यांशी बोलायची. दुर्पता त्या नळ्या धुवायची, चूल सांभाळायची, पेज ढवळायची. दोघी एकमेकींना धरून होत्या.

प्राचीचं घोडं एकाच जागी अडलं होतं. तिच्याकडे एक परीक्षा करायचं पाणी होतं. टाकीतले दोन थेंब त्यात टाकून नळी उकळत्या पाण्यात धरली की कळायचं, साखर उरली की संपली. नळी हिरवी झाली म्हणजे उरली, पिवळी राहिली म्हणजे संपली. आणि नळी दर वेळी हिरवी व्हायची, शेतातल्या धानासारखी गर्द हिरवी. उन्हाळ्यात शेत हिरवं असलं की माणसाला बरं वाटतं, पण प्राचीला त्या रंगाचा आताशा राग यायला लागला होता.

"मावशी, तणसात दोन साखरा असतात," तिनं एकदा नळी उजेडात धरून सांगितलं. "एक ग्लुकोज, दुसरी झायलोज. आपलं यीस्ट पहिली साखर गटागटा खाते अन् दुसरीला तोंड लावत नाही. तिसरा हिस्सा तसाच फुकट चालला."

"मंग उपाशी ठेवा जी त्याले. भूक लागली का खाईल."

"उपाशी मरते, पण खात नाही."

"लाडावलं हाय," दुर्पता म्हणाली. तिच्या घरात ताटातलं टाकून उठायची कोणाची बिशाद नव्हती. मग जरा थांबून तिनं विचारलं, "अन् खाल्लं त्याचं काय करते थे?"

"अल्कोहोल. पेट्रोलमध्ये मिसळतात. त्याच पेजेतून पुढं औषधं, प्लास्टिकसारखं काहीबाही, बरंच करता येते."

"म्हंजे दारूच नं जी."

"दारूच. पण प्यायची नाही."

हातातली नळी दुर्पतानं दोनदा धुतली आणि तिसऱ्यांदा धुवायला घेतली.

दारूचं आणि त्या घराचं नातं जुनं होतं. दुर्पताच्या घरी एक मडकं होतं, शामकलाबाईचं, त्याआधी तिच्या सासूचं. मोहफुलं त्यातच भिजत घालायची. भिजून, आंबून जो सडवा होतो तो त्या मडक्यात असा काही जमायचा की चार गावांत तशी गोष्ट नव्हती. मडक्याला आतून पाणी लागू द्यायचं नाही, राख नाही, घासणं नाही. मागच्या सडव्याचा लगदा बुडाशी ठेवायचा आणि त्यावर पुढच्या साली नवी फुलं घालायची. मडक्याच्या तोंडावर पळसाचं पान, आणि दोरी ढिली. सडवा तयार झाला की पहिली मूठ घरच्यांची नाही. घरामागं येनाचं झाड होतं, त्याच्याखाली येनाच्याच लाकडाचा खुंट पुरलेला. त्या घरातले गेलेले सगळे त्या खुंटाशी. पहिली मूठ तिथं ठेवायची आणि मगच भट्टी लावायची. जिवंत माणसांचा नंबर नंतर.

मनीराम, दुर्पताचा नवरा, त्या घरी घरजावई होऊन आला. हसरा, कामसू, गळ्यात आवाज असलेला माणूस. पण सणासुदीला सगळे प्यायचे तेव्हा तोही प्यायचा, आणि सण उलटल्यावर सगळे थांबायचे तेव्हा तो थांबायचा नाही. शेवटी पोट फुगून गेला. तिसऱ्या दिवशी, पाहुणे घरात असताना, दुर्पतानं ते मडकं उचलून परसात नेलं, उपडं घातलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ह्या घरात आता सडवा लागनार नाई." सहा वर्षं झाली, तिनं शब्द पाळला. दुर्पता बोलल्या शब्दाची बाई होती.

पण त्या दिवसापासून खुंटाची मूठही बंद झाली, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं. नंतर आलं. तिनं खुंटाशी भात ठेवून बघितला, आंबील ठेवली, पोळ्याला वडे ठेवले. स्वप्नं सुरू झाली ती शेडात कामाला लागल्यावर, त्या वासात. आणि स्वप्नात माय भाताकडे ढुंकूनही बघायची नाही, कोरी पत्रावळ पुढं घेऊन बसून राहायची. दुर्पताची अशी कोंडी झाली होती. सडवा लावावा तर मनीरामच्या तिसऱ्या दिवशी दिलेला शब्द मोडतो. न लावावा तर माय उपाशी. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला माय, दोघंही गेलेली. सांगायचं तरी कोणाला.

होळीनंतरच्या आठवड्यात इंद्रकुमार शेडात आले. टाकी त्यांची, शेडाचं भाडं त्यांचं. माणूस वाईट नव्हता; गोंदियाहून येताना प्राचीसाठी समोसे घेऊन यायचा. समोसा खाऊन झाल्यावर म्हणाले, "देखो मॅडम, मई एंड तक. उसके बाद टाकी दूसरी जगह भेजनी पडेगी. तिसरा हिस्सा वाया जात असेल तर हा धंदा जमत नाही."

ते गेल्यावर प्राची रानात फिरायला लागली. डब्या भरून कायकाय आणायची. कुजकं लाकूड, शेण, वाळवीची माती, भुंग्यांनी पोखरलेल्या खोडाचा भुसा. आणलं की पेजेत घालून बघायची आणि नळी हिरवीच व्हायची.

"दुसरी साखर खाणारं कोणीतरी इथंच राहत असणार, मावशी," ती म्हणाली. "डोळ्यांनी दिसत नाही एवढंच. लाकडात असेल, किड्याच्या पोटात असेल. एखाद्या जुन्या मडक्यातसुद्धा असेल."

दुर्पताचा ढवळता हात थांबला.

चार दिवस ती मूग गिळून बसली. मडक्याचं नाव काढलं की भट्टीचं नाव निघतं, भट्टीचं निघालं की मनीरामचं. पण ते दिवस मोहाचे होते. सकाळी कामावर जाताना वाटेतल्या झाडांखाली फुलं पडलेली असायची, फिकट पिवळी, रसानं टच्च भरलेली, आणि त्या गोड वासात चालताना रस्ता पायाखालून आपोआप सरकतोय असं वाटायचं. चालता चालता तिच्या मनात एक विचार आला आणि तो तिनं तीन दिवस उलटून पालटून बघितला. मायच्या मडक्यातलं जे काही आहे ते या टाकीत जगलं, तर होईल तो सडवाच. पण घरात नाही होणार, शेडात होणार. कोणी पिणार नाही. आणि त्यातली पहिली मूठ खुंटाशी नेली, तर शब्दही राहतो आणि मायही जेवते. हे सुचल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिनं ओंजळभर फुलं वेचली आणि नुसता वास घेऊन पुन्हा झाडाखाली ठेवली.

त्या दिवशी तिनं प्राचीला सगळं सांगितलं. मनीरामचंही सांगितलं. प्राचीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सहा वर्षं कोरडं आहे ना?"

"हो जी. पन बुडाले लगदा तसाच हाय, वाळून. मी हात नाई लावला."

"उद्या आणा," प्राची म्हणाली. "काही करू नका, जसं आहे तसं आणा."

घरी गेल्यावर दुर्पतानं सुनेला सांगितलं. सून खुशबू, तिच्या पिंटूची बायको. कामाला वाघीण आणि जिभेला मऊ. "परसातलं थे मडकं काढून ठेव व. सकाळी मॅडमकडे न्याचं हाय." एवढंच म्हणाली. 'जसं आहे तसं' हे तीन शब्द तिनं सांगितले नाहीत. मडक्याला पाणी लावायचं नाही हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं, असं तिला वाटत होतं. पण खुशबू घरात आली तेव्हा मडकं उपडंच होतं.

सकाळी दुर्पता अंगणात आली तर चुलीशेजारी मडकं उन्हाला ठेवलेलं. लालबुंद, आतून बाहेरून लखलखीत. खुशबूनं पहाटे उठून ते तणसाच्या बोळ्यानं घासलं होतं, राख लावली होती, आधण ओतून विसळलं होतं, आणि वास राहू नये म्हणून आत निखारे फिरवले होते. नखाएवढा लगदा राहू दिला नव्हता.

"आत्या, पायले का?" ती पदराला हात पुसत म्हणाली. "मॅडमच्या घरी तसं कारंकुट्ट कसं धाडाचं? लोक म्हनतीन, घरात सून हाय का नाई. घासून देल्लं."

दुर्पता मडक्याजवळ खाली बसली. तिनं आत हात घातला आणि बोटं फिरवली. मातीच, कोरी माती. तिला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कोणावर? दुसऱ्याच्या घरी घाण भांडं जाऊ द्यायचं नाही, हे खुशबूला शिकवलं कोणी? तिनंच. लग्नाच्या पहिल्या महिन्यात, शेजारी परत द्यायच्या एका डब्यावरून तिनं या पोरीला रडवलं होतं.

"चांगलं केलं पोरी," ती म्हणाली. खुशबूचं लक्ष चुलीवरच्या चहाकडे होतं.

मडकं तिनं तसंच डोक्यावर घेतलं आणि शेडात नेलं. प्राचीनं आत डोकावून बघितलं. मग सुरीनं आतून खरवडून माती काढली, काठाचा एक टवका मोडला, पेजेत भिजत घातला. आठ दिवस वाट बघितली. नळी हिरवी झाली.

आणि त्या आठ दिवसांत माय एकदाही आली नाही. दुपारी झोप लागायची, पण नुसती झोप, काळी आणि रिकामी. दुर्पताला याची भीती वाटायला लागली. कोरी पत्रावळ घेऊन बसलेली माय परवडली. ती बसलेली तरी होती. आता रुसून उठून गेली असेल तर तिला शोधायचं कुठं? कामावर तिच्या हातून दोन नळ्या फुटल्या. प्राचीचंही चित्त थाऱ्यावर नव्हतं.

शेवटी एका रविवारी दुपारी दुर्पता येनाखाली गेली. मडकं धुतलं गेल्याचं मायला सांगायला हवं होतं. वाईट बातमी आपणच जाऊन सांगावी, दुसऱ्याकडून कळू देऊ नये, असं तिला वाटलं.

येनाची सावली दाट होती. आदल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस येऊन गेल्यानं खाली ओल होती. खुंट आता बुडाशी पार कुजला होता. भुंग्यांनी त्याला भोकं पाडली होती, हात लावला की भुसा गळायचा. दुर्पता त्याच्या शेजारी मांडी घालून बसली.

"माय, मडकं धुतलं गेलं," ती म्हणाली. "पोरीची चूक नाई. मीच नाई सांगतलं तिले."

बोलता बोलता तिचा हात खुंटाच्या बुडाशी गेला. बोटांना ओला, मऊ भुसा लागला. सवयीनं तिनं बोटं नाकाशी नेली.

आंबूस वास. पुसट, पण ओळखीचा. तिनं पुन्हा बोटं खुपसली, अजून खोल, आणि पुन्हा हुंगली. सडव्याचाच वास होता. सहा वर्षांत इथं मूठ पडली नव्हती, आणि तरी कोणीतरी इथं जेवत होतं. दुर्पता शाळेत चौथीपर्यंत गेलेली, पण दोन वर्षं प्राचीच्या शेजारी काढलेली. तिच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. किती पिढ्यांच्या पहिल्या मुठी या खुंटाच्या बुडाशी पडल्या होत्या. फुलांची साखर सगळ्यांनी खाल्ली असेल, ती कोणीही खातो. पण मूठ बंद झाल्यावर जे तगले, ते लाकडातल्या दुसऱ्या साखरेवर तगले. सगळ्यांच्या मागून, जे उरेल त्यावर.

मायची आठवण इतकी जोरात आली की ती तिथंच हमसून रडली.

रडून झाल्यावर प्रश्न राहिला तो राहिलाच. खुंटाशी ठेवलेलं परत उचलायचं नसतं. ते त्यांचं असतं. गेलेल्यांच्या ताटातून घास काढून आणायचा? दुर्पता घरात गेली, एक स्टीलची वाटी घेऊन आली आणि शेजारणीकडे विरजण मागायला जावं तशी वाटी पुढं धरून म्हणाली, "माय, चिमूटभर दे. वाटी रिकामी नाई आननार."

काही झालं नाही. पान हललं नाही, पाल चुकचुकली नाही. मायचा स्वभावच तसा. ती कोणाला कधी नाही म्हणाली नव्हती. दुर्पतानं डोळे मिटले आणि वाटीत चिमूटभर भुसा घेतला.

"हे काय, माती?" प्राचीनं दुसऱ्या दिवशी विचारलं, आणि वाटी नाकाशी नेल्यावर तिचा चेहरा बदलला.

मग तिनं जे केलं ते दुर्पताला फार आवडलं. तिनं सहा काचेच्या चंबूंमध्ये नुसतं दुसऱ्या साखरेचं पाणी केलं, त्यात पहिली साखर कणभरही नाही, आणि प्रत्येकात थोडा थोडा भुसा टाकला. "जो हे खाऊन जगेल तो आपला," ती म्हणाली. ती चंबूंची तोंडं घट्ट बंद करायला लागली तेव्हा दुर्पतानं तिचा हात धरला.

"घट्ट बांधू नोका जी. माय ढिली दोरी ठेवे. थोडा दम घेऊ द्या त्याले."

प्राचीनं क्षणभर विचार केला. "बरोबर आहे, मावशी. थोडी हवा लागतच असेल." तिनं कापसाचे बोळे लावले.

चार चंबूंना घाण सुटली. एकावर केसाळ बुरशी आली. सहाव्यात, पाचव्या दिवशी, बारीक बुडबुडे दिसले. प्राचीनं त्यातला थेंब नव्या चंबूत टाकला, त्यातला पुढच्या चंबूत, मग काचेच्या बशीत पसरून त्यातून एक पांढरा ठिपका उचलला. नाव लिहायची पट्टी हातात घेऊन तिनं विचारलं, "काय लिहू?"

"शामकला लिवा."

"कोण शामकला?"

"माय."

प्राचीनं लिहिलं.

मे सरत आला. उन्हानं पत्रे तडतडत होते. टाकीत पेज भरली होती, तीच दोन साखरांची, आणि तिच्यात दोघं सोडली होती, नेहमीचं लाडावलेलं यीस्ट आणि मागून जेवणारी शामकला. टाकी आठवडाभर बुडबुडत होती, आधी जोरात, मग हळू, आणि मग एरवी जेव्हा ती गप्प व्हायची तेव्हाही गप्प झाली नाही. दुर्पता टाकीला पाठ लावून बसायची. पत्र्यातून तिच्या पाठीला आतली हालचाल लागायची, आणि अर्धवट झोपेत तिला वाटायचं की पलीकडे पंगत बसली आहे, आधीचे उठले आहेत आणि मागचे आत्ता कुठं बसताहेत. पण माय दिसायची नाही.

शेवटच्या शनिवारी इंद्रकुमारांचा फोन आला की सोमवारी ट्रक पाठवतो. प्राचीनं नळी भरली. "मावशी, तुम्ही धरा," ती म्हणाली.

दुर्पतानं नळी उकळत्या पाण्यात धरली. दोघींनी मनात आकडे मोजले. नळी वर काढली तेव्हा ती पिवळसर होती. उजेडात धरल्यावर अगदी खाली हिरव्याची पुसटशी छटा दिसली, न दिसल्यासारखी. प्राचीनं दुसरी नळी केली, तिसरी केली. मग ती पेजेच्या उपड्या बादलीवर बसली आणि चष्मा हातात घेऊन रडायला लागली. दुर्पतानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि ओल्या हातानं फिरवला म्हणून तिचे केस चिकट झाले.

इंद्रकुमारांनी फोनवर पुन्हा पुन्हा विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "ठीक है, ट्रक रहने दो. मी स्वतः येतो."

दुर्पताला ट्रकशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं आपल्या पिशवीतून ती स्टीलची वाटी काढली. महिनाभर ती रोज सोबत आणत होती. प्राचीनं न विचारता टाकीची तोटी उघडली आणि पहिली वाटी भरून दिली.

भर उन्हात ती घरी गेली, पण घरात न शिरता सरळ येनाखाली गेली. खुंटाच्या बुडाशी बसून तिनं वाटी हळूहळू ओतली. कुजक्या लाकडानं ती सगळी शोषून घेतली.

"घे माय," ती म्हणाली. "तणसाची हाय. तुह्याच हातची हाय. हे कोनी पेनार नाई." आणि जरा थांबून, दुसऱ्या कोणाला तरी उद्देशून, "शब्द नाई मोडला मी."

सावलीत थंड वाटत होतं. ती खोडाला टेकली आणि तिचा डोळा लागला. झोपेत ती त्याच जागी आली, जिथं माय बसायची. माय नव्हती. जमिनीवर पत्रावळ होती, आणि ती मधोमध दुमडून ठेवलेली होती, पोटभर जेवून उठलेलं माणूस ठेवतं तशी. दुर्पता तिच्याकडे बघत किती तरी वेळ उभी राहिली.

जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. घरात खुशबू भाताची हंडी उतरवत होती. दुर्पतानं हातपाय धुतले, फळीवरून ताट काढलं, त्यात भात वाढला, वर भाजी घातली, आणि ताट खुशबूच्या समोर ठेवलं.

"बस."

"मी?" खुशबू गोंधळली. "आत्या, हे यायचे हायेत अजून. तुमी बी नाई जेवल्या."

"थो येईल तवा खाईल. तू आधी जेव."

खुशबू भीत भीत बसली. दुर्पता तिच्यासमोर बसली आणि ती जेवते आहे हे बघत राहिली. हंडीत भात अजून पुष्कळ होता.